कौलांचा हट्ट

वास्तुकलेच्या इतिहासग्रंथांतून एक माणूस सहसा गाळलेला असतो, आणि तो म्हणजे घराचा मालक. कोणत्या वास्तुविशारदाने कोणत्या साली कोणती भिंत कोठे उभी केली, कोणत्या आचार्याकडे त्याने दीक्षा घेतली आणि कोणत्या संप्रदायाशी पुढे फारकत घेतली, याचा साद्यंत वृत्तान्त त्या ग्रंथांत मिळतो. परंतु ज्याने जन्मभराची पुंजी मोजून ते घर बांधविले, ज्याला त्या घरात जेवायचे, झोपायचे, आजारी पडायचे आणि पाहुण्यांना तोंड द्यायचे होते, त्याचे नाव फार तर नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते. त्याच्या आवडीनिवडी आल्याच, तर त्या विघ्न म्हणून येतात. मालकाच्या जुनाट अभिरुचीपायी विशारदाला आपली मूळ कल्पना सोडावी लागली, असे एखादे हळहळीचे वाक्य लिहून ग्रंथकार पुढच्या प्रकरणाकडे वळतो. मला या हळहळीची नेहमीच थोडी शंका वाटत आली आहे. मालकाच्या हट्टापायी बिघडलेली घरे मी पाहिली नाहीत असे नाही. पण मालकाने काहीच मागितले नाही म्हणून ओस वाटणारी घरे त्याहून अधिक पाहिली आहेत.

आधुनिक लाकडी घराचा विषय निघाला की जाणकार मंडळी फिनलंडकडे आणि जपानकडे बोट दाखवितात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. माझे मन मात्र जर्मनीतल्या एका लहानशा गावाकडे जाते. बर्लिनच्या नैर्ऋत्येस पॉट्सडॅम, आणि पॉट्सडॅमपासून थोडे पुढे गेले की दोन सरोवरांच्या मध्ये वसलेले कापुट. येथे जुन्या सरदारी काळातला एक छोटा राजवाडा आहे, त्यात डच निळ्या फरश्यांनी, सुमारे साडेसात हजार फरश्यांनी, मढविलेले एक दालन आहे. सरोवरांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पाण्यावरून तारेच्या दोराने ओढली जाणारी तर आहे. आणि गावाच्या वरच्या अंगाला, जेथे वस्ती संपून पाइनचे रान सुरू होते तेथे, उतारावर, गडद तपकिरी फळ्यांचे आणि पांढऱ्या खिडक्यांचे एक घर आहे. १९२९ च्या शरदात अल्बर्ट आइन्स्टाइन या घरात राहावयास आले आणि १९३२ च्या डिसेंबरात त्यांनी ते कायमचे सोडले. म्हणजे पुरती चार वर्षेही हे घर त्यांच्या वाट्याला आले नाही, आणि त्यातलेही पुष्कळ हिवाळे प्रवासात गेले.

या घराच्या जन्माची हकिकत बर्लिनच्या नगरपालिकेपासून सुरू होते, आणि सरकारी दप्तराशी ज्याचा कधी संबंध आला आहे अशा कोणाही मराठी वाचकाला ती अनोळखी वाटणार नाही. १४ मार्च १९२९ रोजी आइन्स्टाइन पन्नास वर्षांचे झाले. त्यांना पाण्याची आणि शिडाच्या नावेची ओढ आहे हे सर्वश्रुत असल्यामुळे नगराध्यक्ष गुस्टाफ ब्योस यांच्या पालिकेने या थोर नागरिकाला हाफेल नदीच्या काठी एक घर भेट द्यावे असे ठरविले. घर मुक्रर झाले, वर्तमानपत्रांतून छायाचित्रे झळकली, आणि आइन्स्टाइनच्या पत्नी एल्साबाई ते घर पाहावयास गेल्या तेव्हा तेथे आधीच एक कुटुंब सुखाने नांदत असल्याचे आढळून आले. पालिकेने ती मिळकत खरेदी करताना त्या मंडळींचा वहिवाटीचा हक्क करारात कायम ठेवला होता, आणि ही गोष्ट घर देऊ करणाऱ्या खात्याला ठाऊक नव्हती. मग त्याच उद्यानातला एक मोकळा तुकडा देऊ केला, तर आसपास दुसरे बांधकाम होऊ द्यायचे नाही अशी हमीही जुन्या करारात निघाली. अशा एकामागून एक जागा पुढे आल्या आणि मागे गेल्या. अखेरीस पालिकेने हात टेकले व तुम्हीच जागा पसंत करा, पैसे आम्ही देतो, असे कळविले. कापुटची जागा अशी सापडली. पण मंजुरीचा ठराव सभेपुढे येताच राष्ट्रवादी पक्षाच्या सभासदांनी हरकत घेतली, आइन्स्टाइन या देणगीला पात्र आहेत काय याचीच चर्चा सुरू झाली, ठराव पुढच्या सभेवर गेला, आणि तेव्हा आइन्स्टाइन यांनी सौजन्यपूर्ण पत्र लिहून देणगी नाकारली. माझा वाढदिवस आता होऊन गेला आहे, अशा आशयाचे त्यात एक वाक्य होते. जमीन त्यांनी स्वतःच विकत घेतली, घरही पदरच्या पैशाने बांधले आणि त्यात कुटुंबाची बहुतेक शिल्लक खर्ची पडली. घर पाहावे बांधून, ही म्हण बर्लिनमध्ये प्रचलित नसावी. पण तिचा अनुभव तेथेही येतो.

या सर्व घोळाच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या, आणि त्या वाचणाऱ्यांत अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण होता. कॉनराड वाक्समान हे त्याचे नाव. तो मूळचा सुतार. लाकडाचे काम हाताने शिकून मग त्याने ड्रेस्डेनमध्ये हाइनरिश टेसेनोव आणि बर्लिनमध्ये हान्स प्योल्त्सिख या दोन नामांकित आचार्यांकडे वास्तुकलेचे अध्ययन केले होते, आणि १९२६ पासून तो आजच्या पोलंडच्या सीमेकडील नीस्की या गावी क्रिस्टॉफ उंड उन्माक या कारखान्यात मुख्य वास्तुविशारद होता. हा कारखाना तेव्हा युरोपातला लाकडी घरांचा सर्वांत मोठा कारखाना समजला जाई. त्याचा आरंभ लष्करी इस्पितळांच्या उचलून नेण्याजोग्या बराकींपासून झाला होता. एका डॅनिश अधिकाऱ्याने शोधलेली बराक बांधण्याची रीत कारखान्याने विकत घेतली आणि तिच्यातूनच पुढे शाळा, सभागृहे व घरे कारखान्यात कापून, क्रमांक घालून, रेल्वेने पाठविण्याचा धंदा भरभराटीला आला. अशा ठिकाणी नोकरीला असलेल्या या तरुणाने आइन्स्टाइन यांना पत्र लिहिले नाही, ओळखपाळख काढली नाही. तो सरळ बर्लिनच्या हाबरलांडश्ट्रासवरील त्यांच्या बिऱ्हाडी जाऊन दार ठोठावून उभा राहिला. दार एल्साबाईंनी उघडले. वाक्समान याने उतारवयात मिखाएल ग्र्युनिंग या लेखकापाशी केलेल्या कथनानुसार, बाईंना त्याच्यापेक्षा त्याच्या कंपनीच्या मोटारीचा अधिक उपयोग वाटला, त्या मोटारीतून दोघे कापुटची जागा पाहून आले, आणि तरुणाने तेवढ्यावर रातोरात नकाशा तयार केला. म्हाताऱ्या माणसाने सांगितलेल्या तारुण्याच्या गोष्टी ऐकताना थोडी सूट धरावी लागते. तरी या गोष्टीतली धिटाई त्याच्या पुढच्या आयुष्याशी जुळते.

नकाशा मालकाच्या हाती पडला, आणि येथून मला अत्यंत प्रिय असलेला तो झगडा सुरू झाला. वाक्समान हा आपल्या पिढीचा मुलगा होता. त्या पिढीला सपाट छप्पर हा केवळ छपराचा प्रकार वाटत नसे, ते तिचे धर्मचिन्ह होते. उतरत्या छपराचे घर बांधणे म्हणजे मुंज झाल्यावर जानवे काढून ठेवण्यासारखे. आणि ज्याने काळ व अवकाश यांविषयीच्या शतकानुशतकांच्या समजुती उलथून टाकल्या, त्या गृहस्थाला हवे होते तपकिरी लाकडाचे, लाल कौलांचे, जमिनीपर्यंत पोचणाऱ्या उंच फ्रेंच खिडक्यांचे घर. विश्वाच्या बाबतीत क्रांतिकारक असलेला माणूस घराच्या बाबतीत आजोबांच्या मताचा निघावा याचे त्या तरुणाला नवल वाटले असेल. मला वाटत नाही. ज्याच्या डोक्यात दिवसभर काहीच स्थिर नसते, त्याला संध्याकाळी डोक्यावर ओळखीचे छप्पर हवे असेल तर ते समजण्याजोगे आहे.

शेवटी जे उभे राहिले ते तहनाम्यासारखे आहे. मुख्य भाग दुमजली, चारी अंगांनी उतरणाऱ्या लाल कौलांच्या छपराचा. हा मालकाचा विजय. त्याला लागून एक एकमजली भाग, सपाट छपराचा, आणि त्या सपाट छपरावर वरच्या मजल्यावरून जाता येईल अशी प्रशस्त गच्ची. हा विशारदाचा विजय. आता या दोन भागांकडे डोळे बारीक करून पाहिले तर त्यांतला एक एकोणिसाव्या शतकातला आणि दुसरा विसाव्या शतकातला आहे हे लपत नाही. टीकाकारांनी या जोडणीला अनिश्चित म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण घरात राहणाऱ्याच्या दृष्टीने पाहावे: छपराने पाऊस व बर्फ झाडून टाकले, आणि गच्चीने टेम्पलिन सरोवराचे पाणी, पलीकडचा रानाचा काठ व सगळे आभाळ घरात आणून दिले. कौलांचा हट्ट मालकाने धरला नसता तर विशारदाने सगळ्याच घरावर सपाट छप्पर घातले असते; विशारदाने गच्चीचा हट्ट धरला नसता तर मालकाला एक नीटनेटके, बुटके, कोणत्याही वनाधिकाऱ्याचे शोभेल असे घर मिळाले असते. दोघांपैकी एकालाही आपले म्हणणे पुरते चालविता आले नाही, आणि घर चांगले झाले ते त्यामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण छपराचा झगडा हा दिसणारा झगडा. भिंतीच्या आत याहून खोल अडचण होती, आणि ती समजून घ्यायची तर लाकडाचा स्वभाव थोडा तपशिलाने पाहिला पाहिजे. लाकूड हे झाडाचे मरणोत्तर रूप असले तरी ते पुरते मेलेले नसते. हवेतला ओलावा कमीजास्त झाला की ते फुगते आणि आकसते. मात्र हे आकसणे सर्व दिशांनी सारखे नसते. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत रेषांना आडवे असे शेकडा सहा-आठ इतकेही आकसू शकते, तर रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते हजारी एक-दोन इतकेच घटते. या एका नियमावर लाकडी घरांचे सारे शास्त्र उभे आहे. ओंडक्यावर ओंडका रचून केलेली भिंत ही सगळीच्या सगळी आडव्या रेषांची असते, त्यामुळे ती पहिली काही वर्षे खाली बसत राहते. मीटरमागे काही सेंटीमीटर इतकी. अशा भिंतीत दार-खिडकी बसवायची तर चौकटीच्या वर मोकळी फट राखून ठेवावी लागते, नाही तर वरच्या ओंडक्यांचा भार चौकटीवर येऊन खिडकी आवळली जाते आणि मग ती उघडण्यास खांद्याचा धक्का लागतो. आता आइन्स्टाइन यांच्या मागण्या पुन्हा पाहा. त्यांना रानातल्या ओंडक्यांच्या घराची घनदाट, आडव्या रेषांची लाकडी भिंत हवी होती, आणि त्याच भिंतीत जमिनीपासून वरपर्यंत पोचणाऱ्या खिडक्याही हव्या होत्या. खिडकी जितकी उंच, तितका भिंतीच्या बसण्याचा उपद्रव अधिक. दोन्ही मागण्या एकाच भिंतीला पुऱ्या करता येण्यासारख्या नव्हत्या.

यातून या सुताराने काढलेली वाट मला त्या कौलांच्या तहापेक्षाही श्रेष्ठ वाटते. त्याने ओंडके रचलेच नाहीत. आत उभ्या खांबांचा आणि तुळयांचा सांगाडा केला. उभ्या खांबाच्या रेषा उभ्या असल्यामुळे तो लांबीत आकसत नाही, म्हणून सांगाडा खाली बसत नाही, म्हणून उंच खिडक्या निर्वेधपणे उघडतात. आणि या सांगाड्याला बाहेरून आडव्या फळ्या ठोकून त्या गडद रंगविल्या, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला घनदाट लाकडी भिंतीचा भास व्हावा. काही कर्मठांना यात अप्रामाणिकपणा दिसेल. बांधणी एक आणि दर्शन दुसरे, हा आधुनिकांच्या शास्त्रात मोठा दोष. मी स्वतः त्या भिंतीजवळ उभा राहिलो तेव्हा मला तसे काही जाणवले नाही. जवळून पाहिले की फळीवर फळी किंचित चढलेली दिसते, दोहोंच्या मधली सावलीची बारीक रेघ दिसते, आणि ही जड भिंत नसून अंगावर घेतलेले आवरण आहे हे ती फळी आपण होऊन सांगते. पांढऱ्या रंगाच्या चौकटी त्या गडद फळ्यांत इतक्या ठसठशीत उमटतात की खिडकी कोठे संपते आणि भिंत कोठे सुरू होते याविषयी शंका राहत नाही. लपवाछपवी करणारे घर असे बोलके नसते.

नीस्कीत कापलेले हे घर कापुटला येऊन थोड्या अवधीत उभे राहिले, हे आपल्याला अपूर्वाईचे वाटते, पण वाटू नये. आपल्याकडचे जुने सुतारही घर खणांनी मोजत. किती खणी घर बांधायचे ते ठरले की खांब, तुळया, कडीपाट यांची मापे आपोआप निश्चित होत, खांब दगडी तळखड्यावर उभा राही, भार सारा सागवानी सांगाड्यावर असे आणि भिंत नुसती मधली जागा भरून काढी. पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या घाटाचे खांब पाहताना आपण नक्षीवर लुब्ध होतो. नक्षीच्या मागे हा मापांचा काटेकोर हिशेब असतो. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतल्या इमारतींचे लाकूड जळून गेले आणि त्यांची दगडी जोती तेवढी उरली. त्या जोत्यांवरून आज फिरताना खांबांच्या ओळी मनाने पुन्हा उभ्या करता येतात, त्या या हिशेबामुळेच. फरक इतकाच की आपल्या सुताराचे खण एका वाड्यापुरते असत, आणि नीस्कीच्या कारखान्याला एकच माप शंभर घरांना लावायचे होते. (हल्ली सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर परदेशी चिडाच्या ओंडक्यांची तयार घरे आणून बसविण्याची हौस वाढली आहे. अडीचतीनशे इंच पावसात ती कशी टिकणार याची चिंता विकणाऱ्याला नसते. तेथे तळखडे आणि लांब वळचणी यांचे शहाणपण जुन्या कोकणी घरांकडून फुकट मिळण्यासारखे आहे.)

कापुटच्या घराची आतली रचना बेताची आहे. थोर माणसाच्या घरात पाहुणा ज्या भव्यतेची अपेक्षा करतो ती येथे नाही. आइन्स्टाइन यांची खोली अभ्यासाची आणि झोपण्याची एकच, आणि एल्साबाईंची निराळी. वरच्या मजल्यावर मुलींच्या व पाहुण्यांच्या खोल्या. टेलिफोन त्यांनी हट्टाने घेतला नाही. पन्नासाव्या वाढदिवशी मित्रांनी भेट दिलेली शिडाची नाव खाली सरोवरावर बांधलेली असे, तिचे नाव ट्युमलर, आणि घरातल्या कागदपत्रांपेक्षा त्या नावेकडे मालकाचा दिवस अधिक जाई असे म्हणतात. शास्त्रज्ञ माक्स प्लांक येत, माक्स फॉन लाउए येत, चित्रकार केटे कोलवित्स येत. बर्लिनच्या बिऱ्हाडी ज्यांच्यासाठी बाहेरचा पोशाख करावा लागे त्यांच्यापुढे येथे यजमान अनवाणी वावरे.

१४ जुलै १९३० रोजी येथे रवींद्रनाथ ठाकूर आले. त्या दोघांच्या संभाषणाचा वृत्तान्त पुढे रवींद्रनाथांच्या ‘द रिलिजन ऑफ मॅन’ या ग्रंथाला परिशिष्ट म्हणून जोडला गेला, आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आजही तो वाचतात. वाद होता सत्याचा: सत्य माणसाच्या जाणिवेवाचून आहे की नाही? रवींद्रनाथांचे म्हणणे, मानवी मनाशी ज्याचा संबंधच येऊ शकत नाही असे सत्य आपल्या लेखी असूनही नसल्यासारखे. आइन्स्टाइन यांना ते पटेना, आणि त्यांनी दृष्टान्तासाठी हाताशी असलेली वस्तू घेतली: या घरात कोणी नसले तरी ते टेबल जेथे आहे तेथेच राहते, असा त्यांचा आशय होता. तत्त्वज्ञांचे लक्ष या वाक्यातल्या टेबलाकडे गेले. माझे लक्ष घराकडे जाते. या घरात कोणी नसले तर, असे म्हणणाऱ्याला हे कोठे ठाऊक होते की तीन वर्षांच्या आत तो दृष्टान्त शब्दशः खरा व्हायचा आहे!

१९३२ च्या अखेरीस आइन्स्टाइन दांपत्य अमेरिकेला गेले, जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, आणि ते दोघे परतले नाहीत. वसंत ऋतूत नाझी स्वयंसेवकांनी शस्त्रे दडविली असल्याच्या संशयावरून घराची झडती घेतली; नाव जप्त झाली. शेजारी गेरट्रूड फायरटाग या बाईंनी चालविलेली ज्यू मुलांची निवासी शाळा होती, तिने हे घर काही काळ वापरले. ज्या खोल्यांत प्लांक बसले असतील तेथे जर्मन शाळांतून काढून टाकलेली मुले शिकू लागली. १९३५ मध्ये घर सरकारजमा झाले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी गावातल्याच लोकांच्या जमावाने शाळेवर हल्ला करून मुलांना हाकलून दिले, आणि १९४३ मध्ये फायरटागबाईंचा आउशविट्समध्ये अंत झाला. घर मात्र उभे राहिले. नाझी गेले, रशियन आले, पूर्व जर्मनीचे राज्य आले; १९७९ मध्ये आइन्स्टाइन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्या राज्याने त्याची डागडुजी केली. दोन जर्मनी एक झाल्यावर मालकीचा प्रश्न पुन्हा दप्तरात आला, जेरुसलेमचे हिब्रू विद्यापीठ आणि इतर वारस यांच्या हक्कांची छाननी वर्षानुवर्षे चालली, आणि २००५ मध्ये काळजीपूर्वक जीर्णोद्धार होऊन ते लोकांना पाहण्यास खुले झाले. पॉट्सडॅमचा आइन्स्टाइन फोरम आज त्याची व्यवस्था पाहतो. मूळ सामानसुमान केव्हाच पांगले आहे. टेबल राहिले नाही, घर राहिले. तेव्हा वादाचा निकाल कोणाच्या बाजूने लावायचा ते वाचकाने ठरवावे.

आता त्या सुताराविषयी, वाक्समानविषयी. १९३२ मध्ये रोमची शिष्यवृत्ती मिळून तो जर्मनीबाहेर पडला आणि तोही पुन्हा तेथे राहावयास गेला नाही, कारण तोही ज्यू होता. महायुद्ध सुरू झाल्यावर फ्रान्समध्ये त्याला छावणीत डांबले गेले. १९४१ मध्ये त्याला अमेरिकेत प्रवेशाचा परवाना मिळाला, आणि तो मिळवून देण्यात आइन्स्टाइन यांचे साहाय्य होते. घराचे पैसे तर मालकाने कधीच चुकते केले होते. हे त्यावरचे देणे होते.

अमेरिकेत वाक्समान वास्तुविशारद वाल्टर ग्रोपिउस यांच्याकडे गेला, आणि त्या दोघांनी मिळून जे घर रचले ते वास्तुकलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. चाळीस इंचांचे एकच माप, त्या मापाच्या लाकडी पडद्या, आणि पडदी पडदीला चारही दिशांनी अडकविणारी धातूची एक आकडी, इतकी चतुर की तीच पडदी भिंत म्हणून, फरशी म्हणून किंवा छप्पर म्हणून बसावी. अकुशल मजुरांनी दिवसाभरात घर उभे करावे असा दावा होता. कॅलिफोर्नियात कारखाना निघाला, वर्षाला दहा हजार घरांचे मनोरथ होते, युद्धावरून परतणाऱ्या लक्षावधी सैनिकांना घरे हवीच होती. प्रत्यक्षात दोनशे घरेसुद्धा झाली नाहीत, आणि कारखाना बुडाला. भांडवल उशिरा आले, बँकांनी कर्जाला हात आखडता घेतला, वाक्समान आकडीत सुधारणा करण्याचे थांबवीचना, अशी कारणे अभ्यासक देतात, आणि ती सगळी खरी असतील. मला त्यांच्या जोडीला आणखी एक कारण सुचते. त्या घराला मालक नव्हता. सगळे होते, सांधा होता, माप होते, सिद्धान्त होता; फक्त कौले हवीत म्हणून अडून बसणारे कोणी नव्हते. कापुटला त्या तरुणाशी भांडणारा एक माणूस होता आणि त्या भांडणात त्याची बुद्धी दर क्षणी कामाला लागत होती. अमेरिकेत त्याच्याशी भांडणारे कोणी उरले नाही, तेव्हा तो आपल्या आकडीशीच भांडत बसला.

वाक्समान १९८० साली लॉस एंजलिसला वारला. त्याची दोन पुस्तके सहज चाळावयास मिळतात. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तरकाळातल्या ग्रंथात विमाने ठेवण्याच्या प्रचंड हँगरांचे नळ्यांनी विणलेले सांगाडे आहेत. त्यांची छायाचित्रे पाहताना छाती दडपते, आणि पुढल्या पिढीच्या विशारदांवर त्यांचा मोठा प्रभाव पडला असे म्हणतात. दुसरे पुस्तक, म्हणजे खरे तर पहिले, १९३० सालचे, लाकडी घरांवरचे: त्यात सांगाड्याची, पडद्यांची आणि ओंडक्यांची अशा तीन रीती समजावून दिल्या आहेत, सुताराने सुताराला सांगावे तशा सरळपणे, आणि कापुटच्या घराची चित्रेही आहेत. विशारदांनी तो उत्तरकाळातला ग्रंथ अभ्यासावा. मला राहावेसे वाटते ते या १९३० च्या पुस्तकातल्या घरांत. त्यांवर निदान कौले आहेत.